शेजारी बसवू नये

एडविन तुस्कानोला गाढव म्हणायचा हक्क या दोहा शहरात दोघांनाच होता. एक त्याची बायको मर्लिन आणि दुसरा मी. मर्लिन तो हक्क क्वचित वापरायची. मी दर शुक्रवारी वापरायचो. पण ज्या दिवशी खरोखर ओरडून म्हणायला हवं होतं, त्या दिवशी माझ्या तोंडात नारळाची वडी होती. ते पुढे सांगतोच, सांगितल्याशिवाय सुटका नाही.

अल अझीझियात आमची एकच बिल्डिंग. तो दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी मूळचा कराडकडचा, हमद पोर्टवर कंटेनरची कागदपत्रं सोडवतो. तो वसईचा, निर्मळच्या बाजूचा. एकोणीस वर्षांपूर्वी तो युरोपातल्या एका छोट्या देशाच्या दूतावासात कारकून म्हणून लागला. देशाचं नाव मी सांगणार नाही. नाव घेण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही. आपल्या एखाद्या जिल्ह्यात मावेल एवढी त्यांची वस्ती, पण ताठा असा की विचारू नका.

या छोट्या देशाला लागून एक मोठा देश आहे. दोघेही युरोपीय संघाचे सभासद. ब्रुसेल्सला एका टेबलाशी बसतात, सीमेवर एकमेकांना पासपोर्ट विचारत नाहीत. मला वाटायचं, मग यांना एकमेकांच्या देशात राजदूत तरी कशाला लागतात? एडविन हसायचा. "रंगा, सख्खे भाऊ एका घरात राहतात म्हणून भांडत नाहीत का? उलट जास्त भांडतात."

आणि भांडायचे ते. एका चीजवरून भांडायचे, जे दोघांनाही आपलंच वाटतं. मेजवानीत त्या चीजशेजारी चुकून दुसऱ्याचा झेंडा लागला, तर दोन महिने बोलणं बंद. एका वर्षी मोठ्या देशाने आपला राष्ट्रीय दिन नेमका त्याच संध्याकाळी ठेवला, जेव्हा छोट्या देशाचा मंत्री दोह्यात येणार होता. छोट्याच्या राजदूताने वर्षभर त्यांच्या दारात पाय ठेवला नाही. आमच्याकडे लग्नात वरपक्ष रुसतो, तसंच सगळं. फक्त यांचे रुसवे टाइप करून, शिक्का मारून जातात.

तो रुसवा काढणारा मामा म्हणजे एडविन. आणि पलीकडच्या बाजूला, मोठ्या देशाच्या दूतावासात, रबिया मुकादम.

रबिया रत्नागिरीजवळच्या मिऱ्याची, नवरा रिफत इथल्याच एका कंपनीत. एडविनपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, हुशार, कामाला वाघीण. दोघांची ओळख अशाच एका पत्रावरून झाली. एडविनच्या साहेबाने रागाच्या भरात पलीकडे खरमरीत पत्र लिहिलं. एडविनने ते पाठवायच्या आधी पलीकडच्या ऑफिसात फोन केला, इंग्रजीत सुरुवात केली, आणि समोरच्या बाईचं इंग्रजी ऐकून म्हणाला, "कोकणातल्या का?" तिथून पुढे सगळं मराठीत.

"रबिया, आमच्याकडून पत्र येतंय. साहेब तापलाय. उद्या दुपारपर्यंत तू ते आत नेऊ नकोस."

"बरं एडविनभाई. आमचा पण सकाळपासून आपटाआपटी करतोय. तुमचा थंड झाला की मला मिस कॉल द्या, मी आमच्याला चहा पाजते."

दुसऱ्या दिवशी पत्र गुपचूप परत यायचं. पंधरा वर्षं हे चाललं. दोन देशांची कित्येक भांडणं दोह्यात मराठीत मिटली आणि त्या दोन देशांना त्याचा पत्ताही नव्हता. दोघांचा नियम एकच होता, पत्राच्या आधी फोन. मी एडविनला म्हणायचो, तुम्हा दोघांना एकेक पदक द्यायला पाहिजे. तो म्हणायचा, पदक नको रे, नोकरी राहू दे.

आता वहीचं सांगतो. एडविनकडे काळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. सुरुवातीला तो नोंदी इंग्रजीत ठेवायचा. मग एकदा राजदूताच्या बायकोने वही उघडली आणि वाचलं की साहेबांना घरचा स्वयंपाक आवडत नाही. त्या दिवसापासून वही मराठीत. एका माणसाला एक पान. वर नाव, खाली चहा की कॉफी, काय खात नाही, कोणता विषय काढायचा नाही, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: शेजारी बसवू नये. त्या ओळीपुढे नावं. कोणाचं कोणाशी कधी फाटलं, ते सगळं तिथे.

मी एकदा वाचली होती. "मोठ्या देशाचा सल्लागार. कोळंबी नको, पित्त उठतं. मुलाबद्दल विचारू नये. डाव्या कानाने कमी ऐकतो, उजवीकडे बसवावं." अशी पाऊणशे पानं. नवा राजदूत आला की पहिल्या महिन्यात चाचपडायचा आणि दुसऱ्या महिन्यापासून एडविनला विचारल्याशिवाय जेवणाचं एक आमंत्रण काढायचा नाही. ही वही म्हणजे एडविनची नोकरी होती. नोकरी म्हणजे व्हिसा, आणि व्हिसा म्हणजे घर. मर्लिन नर्स होती, पाठीच्या दुखण्याने दोन वर्षांपूर्वी तिला काम सोडावं लागलं. मुलगी ऑलिव्हिया दोह्यातच जन्मली, आता बारावीत. तिघांचं इथलं राहणं त्या एका वहीवर उभं होतं.

वहीत मी रबियाचं पान शोधलं तर सापडलं नाही. मी विचारलं, "तिला का सोडलीस?"

"ती आपली आहे रे," एडविन म्हणाला. "आपल्या माणसाचं काय लिहायचं?"

गेल्या वर्षी त्या दोन देशांना अचानक बंधुप्रेमाचा उमाळा आला. ठरलं असं की छोटा देश दोह्यातला आपला दूतावास बंद करणार, त्याचं काम मोठ्या देशाच्या इमारतीतून चालणार. एक छप्पर, दारात दोन झेंडे. तसा दोघांमध्ये करार होणार. पेपरात त्याचं वर्णन एकीचं उदाहरण असं आलं. एडविनच्या साहेबाने त्याला केबिनमध्ये बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, एडविन, मी दुसऱ्या देशात जाईन, पण तू इथे राहशील. तू म्हणजे आमची आठवण आहेस, तुझ्याशिवाय ते ऑफिस चालणार नाही. एडविनने घरी येऊन हे वाक्य मर्लिनला तीनदा सांगितलं. मलाही दोनदा सांगितलं. गोरा माणूस खांद्यावर हात ठेवतो तेव्हा आपली माणसं हुरळतात, हा आपला जुना रोग आहे.

ऑगस्टच्या एका शुक्रवारी दुपारी रबिया एडविनकडे आली. मी तिथेच जेवायला होतो. तिने डबाभर नारळाच्या वड्या आणल्या होत्या, गुलाबी रंगाच्या. ऑलिव्हियाच्या अभ्यासाची चौकशी केली, मर्लिनच्या पाठीला कुठलंसं तेल सांगितलं. मग चहा घेता घेता म्हणाली, "एडविनभाई, आता ऑफिस एक होणार. तुमची वही द्या ना मला. मी इंग्रजीत टाइप करून ठेवते. पुढे दोघांनाही उपयोगी."

एकोणीस वर्षांत ती वही त्याने कोणाला घेऊन जाऊ दिली नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं.

माझ्या तोंडात वडी होती. मी म्हणालो, "दे रे. आपलीच आहे ती. आणि दोह्यात तुझी वही वाचणार तरी दुसरं कोण?"

स्वयंपाकघरातून मर्लिन म्हणाली, "झेरॉक्स तरी काढून ठेव." ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनवर ती वही पसरायची एडविनला हिंमत नव्हती आणि बाहेरच्या दुकानात द्यायची इच्छा नव्हती. वही तशीच रबियाच्या पिशवीत गेली. तिने जाताना ऑलिव्हियाच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्यानंतर रबियाचे फोन तोकडे होत गेले. "बिझी आहे एडविनभाई, इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात." वहीचं विचारलं की, "चाललंय टायपिंग." एडविनला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी कराराचा मसुदा पक्का झाला. अशा कराराच्या दोन प्रती असतात. त्यांची पानं एकत्र करून कडेला भोकं पाडायची, त्यांतून रिबन ओवायची आणि वर लाखेचा शिक्का मारायचा. हे काम एडविनचं, त्याच्याइतकी सरळ रिबन कोणाला ओवता येत नाही. रिबन ओवताना पानं मोजावी लागतात, म्हणून तो पान पान उलटत होता. शेवटच्या परिशिष्टात कर्मचाऱ्यांची यादी होती. शिष्टाचार सहायक, म्हणजे एडविन आणि रबिया करायचे तेच काम, स्थानिक: एक. पुढे कंसात, मोठ्या देशाच्या दूतावासातून. आणि त्याखाली एक ओळ, की छोट्या देशाच्या स्थानिक कर्मचाऱ्यांची सेवा एकतीस जानेवारीला कृतज्ञतापूर्वक समाप्त होईल.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"रिबन ओवली," तो म्हणाला. "अर्धी ओवून झाली होती."

मग तो साहेबाकडे गेला. साहेब अवघडला, म्हणाला, मी तुझ्यासाठी भांडलो एडविन, खरंच भांडलो. पण त्यांच्या बाईने इतकी सुंदर फाइल तयार केली होती की मला बोलायला जागाच राहिली नाही. त्याने ड्रॉवरमधून फाइल काढून दिली. एडविनने पहिलं पान उघडलं. कोळंबी नको, पित्त उठतं. मुलाबद्दल विचारू नये. डाव्या कानाने कमी ऐकतो. पानामागून पान, सगळं त्याचं, नुसतं इंग्रजीत. वर नाव, रबिया मुकादम.

"सांगितलंस का त्याला, ही माझी आहे म्हणून?" मी जवळजवळ ओरडलोच.

"सांगितलं ना. तो म्हणाला, तुझी वही आण. मी म्हटलं, वही तिच्याकडेच आहे. आणि आणली तरी ती मराठीत. तो म्हणाला, मग दूतावासाच्या अधिकृत माणसाकडून वाचून घेऊ. दोन्ही दूतावासांत मराठी वाचणारं अधिकृत माणूस कोण, माहीत आहे? रबिया."

तो हसला. मला ते हसू बघवलं नाही.

शनिवारी सकाळी रबियाने आपणहून फोन केला. वही परत द्यायची होती. सूक वाकिफ या जुन्या बाजारात मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरीवजा जागा आहे, तिथे बोलावलं. एडविनबरोबर मीही गेलो. रात्रभर भाषण तयार केलं होतं. विश्वासघात, माती, भाषा, सगळं त्यात होतं.

रबियाने कापडी पिशवी टेबलावर ठेवली. डोळे सुजलेले होते. "मला माफ करा म्हणायला पण तोंड नाही," ती म्हणाली. "एकच जागा होती, एडविनभाई. रिफतची कंपनी बंद झालीय, तो आठ महिने घरी बसलाय. पोरांची शाळा आहे."

"तुला कधी कळलं, एकच जागा आहे ते?" एडविनने विचारलं.

"जुलैमध्ये."

"म्हणजे वड्या घेऊन आलीस तेव्हा माहीत होतं."

तिने मान डोलावली. मी घसा खाकरला, भाषण सुरू करणार, तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं. "रंगनाथभाऊ, तुम्ही पण होतात की तिथे. तुम्हीच म्हणालात, दे म्हणून."

माझं भाषण तिथेच संपलं.

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" तिने एडविनला विचारलं. आता तिचा आवाज जरा चढला होता, चोर जसा पकडल्यावर चढवतो तसा.

एडविनने पिशवी उचलली. "फोन केला असता," तो म्हणाला. "पत्राच्या आधी फोन, एवढंच तर आपलं ठरलेलं होतं."

आम्ही चहा न पिता निघालो.

मला वाटलं होतं आता तो राजीनामा तोंडावर फेकेल. पण एकतीस जानेवारीपर्यंत तो कामावर जात राहिला. डिसेंबरमध्ये करारावर सह्यांचा समारंभ झाला. मोठ्या देशाच्या बागेत मांडव, दोन्ही देशांचे उपमंत्री, दोन्ही राजदूत, फोटोवाले. सगळी व्यवस्था आता रबियाची. एडविन भिंतीशी उभा, पाहुण्यांचे कोट घेत. हे त्यानेच मला पुढच्या शुक्रवारी सांगितलं.

दोन उपमंत्र्यांपुढे दोन फायली ठेवल्या होत्या. या कामातली बाब अशी की प्रत्येक देशाच्या प्रतीत त्या देशाचं नाव आधी आणि त्याच्या सहीची जागा डावीकडे. प्रत्येकाने आधी आपल्या प्रतीवर सही करायची, मग अदलाबदल. फायली उलट ठेवल्या गेल्या, की माणूस सवयीने डावीकडे सही ठोकतो आणि ती दुसऱ्याच्या जागेवर पडते. मग सगळं रद्द, पुन्हा छपाई, पुन्हा रिबन, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात हसं. या दोन देशांत तर ते चीजपेक्षा मोठं प्रकरण झालं असतं. ही गोष्ट वहीत नव्हती. इतकी साधी गोष्ट लिहायची काय, ती एडविनच्या हातात होती.

फायली उलट होत्या. एडविनला भिंतीपासून दिसलं. रिबनचे रंग त्यानेच निवडले होते, निळी आपली, हिरवी त्यांची. उपमंत्र्यांनी पेन उघडली. रबिया टेबलामागे हसऱ्या चेहऱ्याने उभी होती, तिला काही कळलं नव्हतं.

"मी मनात दहा मोजले," एडविन मला म्हणाला. "तीनपर्यंत फार बरं वाटलं."

"आणि मग?"

"मग म्हणालो, रबिया, फायली बदल. लगेच."

मराठीत, मोठ्याने, सगळ्यांदेखत. रबियाने माफी मागत फायली बदलल्या, सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. आणि मग एडविनचा साहेब, तोच खांद्यावर हात ठेवणारा, माइकवर उभा राहिला आणि म्हणाला, शेवटच्या क्षणीसुद्धा इतक्या बारकाईने लक्ष देणाऱ्या श्रीमती मुकादम यांच्या हाती आपली मैत्री सुरक्षित आहे. सगळ्यांनी तिच्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. एडविनच्या हातात कोट होते, त्याला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

"गाढवा!" मी म्हणालो. "कशाला बोललास? पडू द्यायची होती तिला तोंडावर."

"सवय रे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "त्यातला एक देश एकोणीस वर्षं माझा होता."

मी असतो तर बोललो नसतो. हे मी स्पष्ट सांगतो, मला मोठेपणा नको. त्या दोन्ही देशांच्या सह्या एकमेकांच्या डोक्यावर पडल्या असत्या, तर मी पेढे वाटले असते.

जानेवारीत सामान बांधलं. ऑलिव्हियाचं कसंबसं जमवलं. परीक्षा फेब्रुवारीत, तर ती पाहुण्यांच्या व्हिसावर परत येईल, आमच्याकडे राहील, पेपर देईल. ज्या गावात ती जन्मली तिथे आता पाहुणी. मर्लिनने सगळ्या सूचना आमच्या फ्रिजवर चिकटवून दिल्या. ऑलिव्हिया म्हणाली, "इट्स ओके अंकल, आय विल मॅनेज," आणि लिफ्टमध्ये जाऊन रडली. एडविनने तिला मराठीत समजावलं, तिने इंग्रजीत उत्तरं दिली, त्यांचं नेहमी असंच चालायचं.

दुपारचं विमान होतं. विमानतळाच्या दारात एडविनने काळी वही माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे," तो म्हणाला. "वसईत याचा काय उपयोग? तिथे पंगतीला कोणीही कोणाच्याही शेजारी बसतं."

"आणि मी काय करू याचं?"

"तुला मराठी वाचता येतं ना? खलास."

ती तिघं आत गेली. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून वही उघडली. राजदूत, सल्लागार, त्यांच्या बायका, कोळंबी, कान, कॉफी. शेवटून दुसऱ्या पानावर शाई ताजी होती. अक्षर नेहमीसारखंच सरळ.

"रबिया मुकादम. चहा बिनसाखरेचा. नारळाच्या वड्या छान करते. नवऱ्याच्या नोकरीबद्दल विचारू नये. शेजारी बसवू नये: एडविन तुस्कानो."

मी ते पान दोनदा वाचलं. मग मी माझं पान शोधायला लागलो. त्या वडीचं, त्या "दे रे"चं त्याने काही लिहिलं असणारच. पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. पुन्हा एकदा, एकेक पान बोटाने सुटं करून चाळली.

माझं पान नव्हतं.